आमच्या खास बातमीदाराकडून

हिरव्या शाईची बरोबरची खूण अर्धी झाली होती. म्हणजे खाली येणारी छोटी रेघ ओढून झाली होती आणि वर जाणारी लांब रेघ तेवढी राहिली होती. तेवढ्यात नजर कार्डावरच्या अवतरणातल्या वाक्यावर गेली आणि हात थांबला. ‘मागून एका चिमुरडीने “जोतिबामामा” अशी हाक मारली; त्याने मागे वळून पाहिले नाही.’ आधी वाटलं, बरं वाक्य आहे. मग वाटलं, तो अर्धविराम जरा जास्तच ऐटीत बसलाय. आणि मग ओळखलं, तो अर्धविराम माझा होता. एकतीस वर्षांपूर्वी, तेविसाव्या वर्षी, मी तो तिथे बसवला होता. समोरच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, खाली रिक्षावाले कुणाला तरी ‘एमआयडीसी, एमआयडीसी’ म्हणून हाका मारत होते, आणि मी त्या अर्ध्या खुणेकडे बघत बसलो. शाई वाळली. वाळल्यावर ती खूण बरोबरची नाही आणि चुकीचीही नाही, अशी नुसतीच एक तिरकी रेघ झाली.

साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही परिसर कोश करत होतो. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचा. साठ-पासष्ट माणसं लिहीत होती, सगळी फुकट: शिक्षक, वकील, दोन डॉक्टर, एक निवृत्त तलाठी. पद्धत अशी की कुणीही यावं, खण उघडावा, दुसऱ्याच्या कार्डाला आपली दुरुस्तीची चिठ्ठी टाचावी. त्यामुळे भांडणांना तोटा नव्हता. फलटणच्या दोघांनी एका बारवेच्या वयावरून एकमेकांना एकोणीस चिठ्ठ्या टाचल्या होत्या आणि शेवटच्या चिठ्ठीत बारवेचा उल्लेखच नव्हता. या सगळ्याला वेसण म्हणून एक नियम होता, आणि तो मी केलेला होता. प्रत्येक नोंदीला दोन छापील संदर्भ, तेही मी हातात धरून पाहिलेले. तोंडी काही चालणार नाही. सुभेदार हंबीरराव आपल्या गावच्या माणसांनी कुठल्या लढाईत काय केलं ते घेऊन तीनदा आले. “आवं गुरुजी, मी सोता हुतो मोर्च्यावर. कागद कशाला पायजे? मी जित्ता हाय न्हवं, मला इचारा की.” मी त्यांना शांतपणे सांगितलं, “हंबीरराव, माणूस विसरतो. कागद विसरत नाही.” हे वाक्य मला फार आवडायचं. लोकही ते माझ्या नावावर सांगत. संदर्भ म्हणजे वाळिंबे गुरुजी, असं दोन्ही जिल्ह्यांत झालं होतं, आणि मुदतीआधीच निवृत्त झालेल्या, विधुर माणसाला एवढं पुष्कळ असतं.

कार्ड होतं बेलसंगीच्या नाव-दुर्घटनेचं. चौसष्ट सालच्या श्रावणात, वद्य पंचमीला, आठवड्याच्या बाजाराहून परतणारी नाव कृष्णेच्या पुरात उलटली आणि अकरा माणसं गेली. नोंद लिहिली होती सांगलीच्या ज्ञानदाने. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि आमच्यातली सगळ्यात नेटकी लिहिणारी तीच. तिने लिहिलं होतं, नावाडी जोतिबा कोळी याने उतारूंना सोडून पोहत काठ गाठला. खाली चार संदर्भ. चार! दोन मिळताना मारामार, आणि इथे चार. मी त्यातला एकही अजून हातात घेतला नव्हता. ज्ञानदाचं कार्ड आहे म्हणून डोळे मिटून खूण करायला निघालो होतो, हेही सांगायला हवं.

चौसष्ट साली मी सांगलीत एका साप्ताहिकात होतो. ते साप्ताहिक कधीच बुडालं. संपादकांनी मला बेलसंगीला पाठवलं. तासगावपर्यंत एस.टी. गेली, पुढच्या ओढ्यावर पाणी होतं, गाड्या बंद. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. ओल्या पोत्यांचा वास, भज्यांचा धूर, आणि शेजारच्या बाकावर कानाला रुमाल बांधलेला एक धान्याचा व्यापारी. तो म्हणाला, “नावाडी गेला म्हनं पोहून. त्याला काय, पाण्यातलं मानूस.” बस, एवढंच. दोन दिवस तिथे काढून मी परत आलो. संपादक म्हणाले, “बातमीत माणूस दिसला पाहिजे रे.” मग मी माणूस दाखवला. वरती टाकलं, ‘बेलसंगीच्या घाटावरून, आमच्या खास बातमीदाराकडून’. घाट मी पाहिला नव्हता. ती चिमुरडी लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे मला अजून आठवतं, आणि त्या काट्याचा मला अभिमान वाटला होता. संपादकांनी ते वाक्य मोठ्यांदा वाचलं. छापखान्यातला खिळे जुळवणारा म्हातारासुद्धा क्षणभर थांबला. आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं चांगलं वाक्य ते. पुढे शिक्षक झालो, लिहिणं सुटलं, आणि मी ते विसरून गेलो. विसरलो म्हणजे अगदी साफ. लाज वाटून विसरलो असतो तर निदान काही अर्थ होता.

पुढचे चार दिवस मी ते चारही संदर्भ मिळवून हातात धरले. चौसष्टचं साप्ताहिक, म्हणजे मी. पंचाहत्तर सालची एका हायस्कूलची स्मरणिका. तिच्यात माझा परिच्छेद जसाच्या तसा, फक्त ‘चिमुरडी’च्या आधी ‘निरागस’ घातलेलं. एक्याऐंशीची पुलाच्या उद्घाटनाची पुस्तिका, स्मरणिकेवरून. एकोणनव्वदचा एक प्रबंध. त्याच्या तळटीपेत आधीचे तिघेही होते आणि वर म्हटलं होतं की याबाबत सर्व साधनांत एकवाक्यता आढळते. एकवाक्यता तर असणारच. वाक्य एकच होतं. मी संध्याकाळी चालायला जायचो, पोवई नाक्यापर्यंत जाऊन यायचो, आणि वाटेत मनाला सारखा उलटा तपासायचो. त्या व्यापाऱ्याने मुलीचं काही सांगितलं नसेल कशावरून? ‘कुनी पोरगी वरडत हुती म्हनं’ असं म्हणाला असेल. दुसऱ्या दिवशी तर मला ते जवळजवळ ऐकू आलं, त्याच्या आवाजात, भज्यांच्या धुरासकट. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातली सुपारीही दिसायला लागली. मग मी घाबरून तो नादच सोडला, कारण असंच चालू राहिलं असतं तर आठवड्याभरात मी स्वतःच घाटावर उभा असतो.

आमचे मुख्य संपादक प्राचार्य मदन चौगुले. अत्यंत सरळ माणूस, सूर्यास्तापूर्वी जेवणारा, आवाज कधी न चढवणारा. त्यांना मी आडून विचारलं, समजा मूळ संदर्भच मनाने रचलेला असला तर? ते म्हणाले, “तसं कुठे छापलंय का?” मी म्हणालो, छापलेलं नाही, पण एकजण सांगेल. “कोण?” मी म्हणालो, आहे एकजण. ते हसले. “गुरुजी, हे तुम्ही मला विचारताय? चार छापील एकीकडे आणि एक तोंडी एकीकडे. तुम्हीच मला शिकवलंत.” त्याच वेळी मी सांगून टाकायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली, असं पुस्तकात लिहितात. माझी जीभ चांगली मोकळी होती. मी तिने चहा छान झालाय असं म्हणालो.

त्याच आठवड्यात ज्ञानदा साताऱ्याला आली. बेलसंगीचं कार्ड अजून अडकलेलं बघून तिला नवल वाटलं. “सर, काही राहिलंय का त्यात?” मी विचारलं, त्या नावाड्याचं पुढे काय झालं. “आहेत ना ते. बेलसंगीतच आहेत, लेकीजवळ. सुलाबाई म्हणून. त्या फार भांडल्या माझ्याशी. आमचा बाप पळाला नाही म्हणाल्या, दोर तुटला, त्यांच्या डोक्यात वासा बसला, खालच्या गावच्या लोकांनी त्यांना बाभळीवरून बेशुद्ध काढलं.” “मग हे नोंदीत कुठेय?” ती म्हणाली, “तोंडी आहे ना सर. काढणारे सगळे वारले. तुमचाच नियम.” तिच्या बोलण्यात कुचकेपणाचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. ही नोंद असलेला सोळा पानांचा फॉर्म महिनाअखेर छापायला जाणार होता. एकदा पुठ्ठ्यात बांधला गेला की जोतिबा कोळी पुढची पन्नास वर्षं पळत राहिला असता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची सांगलीची गाडी पकडली.

गाडीत कऱ्हाडपासून एक बाई शेजारी बसली होती, मांडीवर बेदाण्याची पिशवी. तिने न विचारता मूठभर बेदाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी ते सांगलीपर्यंत खाल्ले नाहीत, मुठीत धरून ठेवले, आणि मूठ चिकट होत गेली. मी मनात बोलणी जुळवत होतो. जोतिबा, मला क्षमा करा. हे फार नाटकी. जोतिबा, चौसष्ट साली एक पोरगा होता. हे म्हणजे पुन्हा गोष्ट. मला साधं बोलता येत नाही, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. पंचवीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवून वाक्य सरळ होतं, माणूस होत नाही. सांगलीहून गावची गाडी धरली. बेलसंगीचा घाट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो मी लिहिला होता त्याच्यापेक्षा लहान होता. वर पूल, खाली पायऱ्या, आणि कडेला काळ्या दगडात कोरलेली अकरा नावं. मी सवयीने वही काढून ती उतरवली. सात पुरुष, चार बायका, नावांपुढे वयं. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांचा गडी होता. मुलगी नव्हतीच. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटण्याची शिसारी आली.

सुलाबाईंनी दार उघडलं. चाळिशीची, उंच, कामाने वाळलेली बाई. मी कोशाकडून आलोय म्हटल्यावर कपाळाला आठी पडली, पण पाण्याचा तांब्या आला, चहाचं आधण चढलं. जोतिबा पडवीत घोंगड्यावर बसला होता. हातांची बोटं अजून जाड, पण मान बारीक झालेली. मी म्हणालो, “जोतिबा, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायला आलोय.” त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “त्यात काय हाय आयकायसारखं? पुस्तकात हाय की समदं.” “पुस्तकातलं सोडा. तुम्हाला काय आठवतं?” त्याने घोंगड्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, “पळालो हुतो मी. मागनं पोरगी हाक मारत हुती. मी वळून बघितलं न्हाई.”

सुलाबाई आतून तरातरा आल्या. “आबा, कितींदा सांगायचं तुमास्नी? बाभळीवर हुतासा तुमी. तीन दिस सुद न्हवती.” आणि मला म्हणाल्या, “मी ल्हान असताना ह्येच सांगायचे, दोर कसा तुटला, वासा कसा बसला. टकुऱ्यावरची खोक दावायचे. मग ती हायस्कुलाची वही निघाली. दर पंचमीला मास्तर समद्या पोरास्नी पटांगनात बसवून ती वाचून दावायचा. आमी घरी बसून आयकायचो, शाळा हितनं चार पावलांवर. धा-बारा वरसं आयकून आयकून ह्यास्नी त्येच खरं वाटाया लागलं. आदी भांडायचे. मग गप झाले. मग म्हनाय लागले, छापलंय म्हंजी तसंच आसंल, आपुन इसरलो आसंल.” जोतिबाने हात वर करून तिला थांबवलं, रागाने नाही, एखाद्या लहान पोराला थांबवावं तसं. “पोरगी मला दिसती, सुले. हिरवा झगा हाय अंगात. सुताराची सावित्री.” सुलाबाई म्हणाल्या, “सुताराला पोरगी न्हवती आबा.” “मग त्या दगडावर ल्ह्यायचं ऱ्हायलं आसंल,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “दर सालाला पंचमीला मी तिच्यापायी एक झगा सोडतो पान्यात. ओटीसंगट. आता इतक्या वरसात लय मोटी झाली आसती. पर माप मी त्येच ठेवतो. ती कुटं वाढायची.”

चहा आला होता. मी तो प्यालो. सगळा प्यालो, बशीत ओतून, फुंकर घालून. बशीतल्या चहात पडवीचं पत्र्याचं छप्पर हलत होतं. एवढं सोपं होतं, म्हणायचं की जोतिबा, ती सावित्री मी केली, तासगावच्या हॉटेलात भिजलेल्या पायांनी बसून केली, तिला झगा नव्हता, चेहरा नव्हता, नुसता एक अर्धविराम होता. पण झगा त्याने घातला होता, नाव त्याने ठेवलं होतं. मी तिला एक ओळभर जगवलं आणि या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलं. त्याच्या तोंडावर मला ते बोलता आलं नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. मला वाटलं, मी आत्ता बोललो तर याच्या समोर ती दुसऱ्यांदा बुडेल. हे वाटणंही किती खरं आणि किती मला सोयीचं, ते मला आजही सांगता येत नाही.

सुलाबाई स्टँडपर्यंत सोडायला आल्या. स्टँड म्हणजे एक पिंपळ आणि पाटी. गाडीला वेळ होता. तिथे मी बोललो. साप्ताहिक, तासगाव, व्यापारी, वाक्य, सगळं. त्या पदराचं टोक दातात धरून ऐकत होत्या. मी थांबलो. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. मग त्या म्हणाल्या, “मग चहा कशाला प्यालासा आमच्यात?” मी चष्मा काढून डोळे पुसू लागलो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, आवाज अगदी कोरडा, “रडू नगासा. गाडीत लोक बघत्यात. एक करा. तुमी छापलेलं त्यास्नी पटतंय न्हवं? मग आता दुसरं छापा. नाव घालून छापा. आमच्या बाचा गुन्हा न्हाई म्हनून. माज्या सांगन्यानं काय व्हत न्हाई, मी लेक पडले.” मी शब्द दिला.

परत आल्यावर आठ दिवस मी टेबलाशी बसत होतो. काय लिहिणार? दोर तुटला, वासा बसला, बाभळ, तीन दिवसांची बेशुद्धी... हे लिहायला घेतलं की हात आपोआप जुन्या वळणावर जायचा. बाभळीला काटे फुटायचे, पाण्याला आवाज यायचा, वाक्यं सुरेख होऊ लागायची. मी कागद फाडायचो. एकदा तर जोतिबाला मी पाण्यात परत फिरवलं, मुलीसाठी, आणि माझ्या अंगावर तोच काटा आला. तो ओळखीचा काटा अंगावर आलेला बघून मी पेन टाकून दिलं आणि आंघोळ केली, भर दुपारी. मला माहीत असलेलं खरं एकच होतं, आणि शेवटी मी तेवढंच लिहिलं. मी, गोपाळकृष्ण वाळिंबे, त्या दिवशी बेलसंगीत नव्हतो. घाट मी पाहिला नव्हता. नावाडी पळाल्याचं मी एका परक्या माणसाकडून ऐकलं, मुलीची हाक मनाने रचली. जोतिबा कोळी यांच्यावर तो ठपका ठेवायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. सांगलीच्या एका दैनिकाने ते शेवटून दुसऱ्या पानावर छापलं. त्यात एकही अर्धविराम नव्हता.

मग व्हायचं ते झालं. चौगुल्यांनी कात्रण वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “गुरुजी, त्या दिवशीच सांगायचं होतंत.” एवढंच बोलले. ज्ञानदाने नोंदीतून ते वाक्य काढलं आणि संदर्भात माझं कात्रण घातलं. छापील होतं ना. माझ्या हिरव्या खुणांची सगळी कार्डं, नऊशेच्या वर, पुन्हा तपासायला तिघांत वाटली गेली. ते योग्यच होतं. मी खोलीची किल्ली देऊन टाकली. लोक वाटेत भेटले की हवापाण्याचं बोलत. घरी बसून मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. मनात म्हणायचो, माझं नाव गेलं तर जाऊ दे, बेलसंगीच्या पडवीत कुणीतरी तो पेपर वाचून दाखवला असेल, आणि एका म्हाताऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलं असेल. त्या विचाराने मला दोन-तीनदा भूकही लागली.

श्रावणात सुलाबाईंचं कार्ड आलं. अक्षर सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं, मोठं, ओळ सोडून वर चढणारं.

‘गुरुजींस नमस्कार. पेपर मिळाला. आबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचाया लावला. मग हसले. म्हणाले, ह्ये गुरुजी तर सोताच म्हनत्यात मी तिथं न्हवतो. मग त्यास्नी काय ठावं? परवा पंचमी आहे. झगा आणाया मला बाजारात धाडलं आहे. आपली, सुलाबाई.’